बंद सॉफ्टवेअर लागतंय? मग व्हर्जन त्याच्या हिशोबाने निवडा
लिनक्स टाकायचं ठरलं की बहुतेक जण लेटेस्ट व्हर्जन कुठलंय तेच आधी विचारतात. मी म्हणतो थांबा, तुमच्या कामाला एखादं प्रोप्रायटरी, म्हणजे सोर्स कोड बंद ठेवलेलं, सॉफ्टवेअर लागणारच असेल तर ते कुठल्या लिनक्ससाठी बनवलंय ते आधी बघा आणि मग रिलीज निवडा.

कारण असंय की ज्याचा सोर्स कोड खुला आहे ते डिस्ट्रोवाले (उबुंटू, फेडोरा असे लिनक्सचे प्रकार बनवणारे) प्रत्येक नव्या रिलीजसाठी परत कंपाइल करतात, लायब्ररी (अनेक ॲप्स वापरतात तो सामायिक कोड) बदलली तर पॅच मारतात, आपल्याला कळतही नाही. बंद सॉफ्टवेअरचं तसं करताच येत नाही. कंपनीने दिली तीच बायनरी (तयार चालणारी फाइल), आणि कंपनी ती बहुतेक वेळा उबुंटू एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारं रिलीज) नाहीतर रेड हॅटच्या कुटुंबातलं काहीतरी समोर ठेवून बनवते, व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हचा सपोर्ट बघा, त्याच कुटुंबातल्या रॉकी लिनक्सला आहे. नव्या रिलीजमधून एखादी जुनी लायब्ररी गेली की ॲप उघडतच नाही आणि ते दुरुस्त करणं कंपनीशिवाय कुणाच्या हातात नसतं. उलट सिस्टीम फारच जुनी असेल तर नवी बायनरी जास्त नवीन जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) मागते, तिथेही अडतं.

म्हणून अशा कामाला मी एलटीएसच सुचवतो. उबुंटूचं एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं आणि 5 वर्षं अपडेट मिळतात, मधल्या रिलीजना फक्त 9 महिने. फेडोराला साधारण 13 महिने, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच, आणि प्रत्येक अपग्रेडला ते बंद ॲप चालेल का ही धाकधूक. डेबियन स्टेबलही छान, फक्त एका ॲपचं नवं व्हर्जन हवं म्हणून त्यात टेस्टिंग किंवा सिडचे रेपो (अजून पक्क्या न झालेल्या पॅकेजेसचे साठे) मिसळू नका प्लीज, एक पॅकेज आणायला जाता आणि त्याच्यामागून अर्धी सिस्टीम बदलते. त्यासाठी बॅकपोर्ट्स (नवी व्हर्जन्स स्टेबलसाठी बनवून देणारा रेपो) आहेत ना.

डेबियनची एक गोष्ट मला मनापासून आवडते, बंद गोष्टी नॉन-फ्री म्हणून वेगळ्या ठेवल्यात, त्यामुळे आपण काय घेतोय ते आपल्याला माहीत असतं. 2023 च्या डेबियन 12 पासून वायफाय वगैरेचं फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारा, बहुतेक वेळा बंद असलेला कोड) नेहमीच्या इन्स्टॉलरमध्येच येतं, त्याआधी ते वेगळं शोधावं लागायचं. तत्त्व सोडलं अशी टीका झाली, पण मला तो निर्णय पटतो, नेटच चालू झालं नाही तर नवीन माणूस आत येणार कसा?

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डचं मात्र नीट वाचा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून रन फाइल उतरवून टाकू नका, डिस्ट्रोच्या रेपोतूनच घ्या, फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपोतून. सोबत कर्नल हेडर्स (ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याला जोडायला लागणाऱ्या फाइल्स) हवेत, म्हणजे कर्नल अपडेट झाला की डीकेएमएस हे टूल (फेडोरावर एकेमॉड्स) ड्रायव्हरचं मॉड्यूल परत बनवतं. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठेवायला सांगतात, रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल निवडून (म्हणजे ड्रायव्हरची सही मान्य करून) तोच पासवर्ड टाकायचा, घाईघाईत ती स्क्रीन सोडून पुढे गेलात तर ड्रायव्हर लोडच होत नाही.

बाकी झूम, स्पॉटिफाय यांच्यासाठी फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) बरं पडतं, लागणारा रनटाइम (लायब्ररींचा संच) सोबतच येतो त्यामुळे खाली स्टेबल ठेवून वर नवं ॲप चालतं. पण फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या स्टोअरवरची सगळीच पॅकेजेस मूळ कंपनीने बनवलेली नसतात, तेव्हा व्हेरिफाइडची खूण आहे का बघा, नसेल तर कोणी बनवलंय ते वाचून मग टाका.