घर जुलैत बघा

"करमतं का हो तिकडे?" ठाण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेक आमच्याच वयाचे. मुलगी बेंगळुरूला, मुलगा परदेशात, तीन खोल्यांपैकी दोन बंद आणि मोबाइलमध्ये गणपतीपुळ्याचे फोटो. प्रश्न करमण्याचा असतो, पण पोटात असतं ते "आम्हीही यावं का?" इतके दिवस मी "हो, मस्त आहे" म्हणून वेळ मारून नेत होते. पण तुम्ही परवा चहाचा कप बाजूला ठेवून विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आम्ही रत्नागिरीला आलो २०२१च्या नोव्हेंबरात. मी माण तालुक्यातली, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरची. यांचं मूळ गाव संगमेश्वराकडे. मग गावच्या घरीच का नाही गेलात, असं सगळेच विचारतात. त्याचं उत्तर सातबाऱ्यावर आहे. अकरा नावं आहेत. एक कौल बदलायचं तरी अकरा फोन, आणि त्यातला एक तरी जण "मला विचारलं नाही" म्हणून रुसलेला. म्हाताऱ्या माणसांनी भाऊबंदकीत पडू नये, आपलं शहरात राहावं, हे आमचं दोघांचं एका मिनिटात ठरलं. इतकं लवकर आमचं काहीच ठरत नाही.

चूक केली ती पुढे. घर बघितलं नोव्हेंबरात.

नोव्हेंबरातलं कोकण म्हणजे लग्नाला उभी राहिलेली मुलगी. सगळं स्वच्छ धुतलेलं, हिरवं, हवा कोरडी. एजंटाने टेकडीवरचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. पश्चिमेला खिडकी, खाली भाट्याची खाडी, पलीकडे सुरूचं बन, आणि सूर्य नेमका मावळायला टेकलेला. यांनी मला भाडंसुद्धा नीट विचारू दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच दिवशी येताना चिपळुणात घरांच्या भिंतींवर वाशिष्ठीच्या पुराची रेघ आम्हाला दिसली होती. चार महिन्यांपूर्वीच जुलैत गाव बुडालं होतं. रेघ बघितली, "अरेरे" म्हटलं आणि पुढे जाऊन समुद्र दिसणारं घर घेतलं.

पाऊस म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. माझ्या माहेरी वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर झाला तर लोक पेढे वाटतील. इथे तीन हजारांच्या वर पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आणि टेकडीवर तो वरून पडत नाही, समोरून येतो. सरकत्या खिडकीच्या खाचेत पाणी साठायचं आणि तिथून हॉलमध्ये. मी जुने टॉवेल पिळे करून खाचेत कोंबायचे, ते दर अर्ध्या तासाने पिळायचे. ज्या खिडकीसाठी भाडं भरत होतो तिला जून ते सप्टेंबर प्लॅस्टिक लावलेलं होतं. समुद्र दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा.

मग बुरशी. यांच्या कातडी पट्ट्याला हिरवी लव आली. चपला, सुटकेस, लाकडी पोळपाटसुद्धा. कपडे तीन-तीन दिवस पंख्याखाली आणि तरी कुबट. मीठ पाझरायचं. ते सगळं एक वेळ चाललं असतं. ऑगस्टात मी मुलांचे जुने अल्बम काढले. कपाट बंद होतं, वर प्लॅस्टिकची पिशवी होती, म्हणून निर्धास्त होते. पानं एकमेकांना चिकटलेली. सावकाश सोडवली तर मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत केक आला, मेणबत्ती आली, फुगे आले, आणि तिच्या तोंडावर रुपयाएवढा पांढरा डाग. मी तो फोटो तिला पाठवला नाही. आता अल्बम घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात, आणि कपाटात पावसाळाभर एक लहान बल्ब जळतो. इथल्या बायकांना हे सगळं माहीत असतं. पण विचारायला शेजारीण लागते, आणि त्या इमारतीत अर्ध्याहून जास्त फ्लॅट मुंबईकरांचे, कुलूपबंद. आम्ही रिकाम्या खोल्या सोडून रिकाम्या इमारतीत राहायला गेलो होतो.

सप्टेंबरातल्या एका रात्री यांच्या छातीत दुखायला लागलं. वीज नव्हती, लिफ्ट बंद. चार जिने उतरून खाली, आणि खाली उतरून काय? त्या पावसात टेकडीवर यायला रिक्षा मिळेना. चाळीस मिनिटांनी एक भला माणूस आला. दवाखान्यात कळलं की पित्त होतं. डॉक्टर हसले, हेही हसले. मला मात्र ती चाळीस मिनिटं अजून पाठ आहेत. दुसऱ्या महिन्यात आम्ही घर बदललं.

आता मारुती मंदिराच्या जवळ राहतो. पहिला मजला, खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसतं. ठाण्याहून पाहुणे येतात आणि बॅग ठेवायच्या आत विचारतात, "समुद्र कुठाय?" समुद्र रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. महिन्यातून दोनदा जातो. खाली वाणी, कोपऱ्यावर औषधांचं दुकान, वरच्या मजल्यावर एक रिक्षावाले दादा राहतात. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये मुलांच्याही वर आहे.

या गावात सगळ्यांत सुंदर देखावा कोणाच्या वाट्याला आला असेल तर तो थिबा राजाच्या. इंग्रजांनी ब्रह्मदेशातून पदच्युत करून त्याला १८८६ साली इथे आणून ठेवलं. पुढे १९१०च्या सुमारास खाडीकडे बघणारा राजवाडा बांधून दिला, आणि १९१६मध्ये राजा तिथेच गेला. तीस वर्षं काढली, पण तो काही इथला झाला नाही. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र गावातच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार करून इथेच म्हातारी झाली. राजवाड्याच्या आवारात गेले की मला राजापेक्षा तिचंच जास्त वाटतं.

तर रोजचं. भाजी महाग आहे, हे आधीच सांगते. ती घाटावरून येते, आणि पावसात आंबा घाटात दरड आली की दोन दिवस बाजारात दुधी आणि तोंडली. मासे घेणाऱ्यांची चैन, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा सुकट, सोडे, किंवा खाडीतलं काय मिळेल ते. मी चाळीस वर्षांची होईपर्यंत मासा हातात धरला नव्हता. आता वाटा बघून बोलते. आमच्या मासेवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, "आज बांगडा नको नेऊ, बाय. कालचा आहे." गिऱ्हाईक परत पाठवलं! त्यानंतर मी दुसरीकडे मासे घेतलेले नाहीत. पाण्याचं मात्र कोडंच आहे. एवढा पाऊस, आणि मे महिन्यात आमच्याकडे पाणी एक दिवसाआड. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, आलेलं खाली सोडून देतो. घर बघताना खिडकीआधी टाकी बघा.

माणसांबद्दल विचारलंत. फणसाची उपमा मी देणार नाही, ती देऊन देऊन फणस कंटाळला असेल. एवढंच सांगते की इथे कोणी पहिल्या दिवशी गळ्यात पडत नाही. आधी "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मग "मुलं कुठे?" मग सहा महिने नुसती मान हलवणं. आणि मग एका सकाळी दारात रातांब्यांची पिशवी. कोणी ठेवली ते दोन दिवसांनी कळतं, तेही आपण चौकशी केली तर.

पहिले सहा महिने मला करमत नव्हतं. यांना करमत होतं, कारण यांना कुठेही करमतं. माझी बँकेतल्या नोकरीची सवय, संध्याकाळी पाच वाजता अंगात काहीतरी सुटायचं आणि करायला काही नसायचं. त्यातून बाहेर काढलं ते नगर वाचनालयाने. १८२८ सालापासूनचं वाचनालय आहे. मी गेले होते मासिकं चाळायला, आणि पुढच्या महिन्यापासून तिथे भेटणाऱ्या तिघीजणींबरोबर मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालायला लागले. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात गाण्याचा महोत्सव होतो, शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी निघते, तेव्हा गाव मुंबईची नोकरीबिकरी विसरतं. पण असले दिवस वर्षात पंधरा. उरलेल्या साडेतीनशे दिवसांना पाच वाजता चालायला येणारं कोणीतरी लागतं.

मुलांचं म्हणाल तर येणं सोपं आहे. कोकण रेल्वे १९९८पासून सगळी सुरू आहे, २०२३पासून वंदे भारतही इथे थांबते. पण गणपतीत तिकिटाचं नाव काढू नका. साठ दिवस आधी सकाळी बुकिंग उघडतं आणि चहा उकळेपर्यंत वेटिंग लागतं. आमची मुलगी आता गणपतीत येतच नाही, फेब्रुवारीत येते. मी मोदक फेब्रुवारीत करते. भटजींना सांगितलेलं नाही.

येऊ नका असंही काही जणांना सांगते. ज्यांना दर महिन्याला मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागतं त्यांनी विचार करावा. साधं दुखणंखुपणं इथे निभतं, पण मोठं काही निघालं तर आम्ही कोल्हापूर गाठतो. सुमारे १३० किलोमीटर, मध्ये घाट. आणि दोघांपैकी एकाचीच हौस असेल तर मुळीच येऊ नका. दुसऱ्याचा पावसाळा पहिल्याला भोगावा लागतो.

अजून एक. हे तुम्ही विचारलं नाहीत, विचारायचं होतं असं वाटलं. मागे एकच राहिलं तर? आम्ही एकदा जेवताना हे बोललो. मी यांना म्हटलं, "मी आधी गेले तर तुमचं कसं?" हे बोटांवर मोजायला लागले, "पोळीभाजीच्या काकू, वाचनालय, वरचे रिक्षावाले." इतक्या चटकन मोजलं की मला जरा रागच आला. मग मीही मनात मोजलं. माझी बोटं जास्त भरली. टेकडीवरच्या घरात एकही भरलं नसतं.

तेव्हा ठरवायच्या आधी या. डिसेंबरात नको. तेव्हा तुम्हाला सगळंच आवडेल आणि माझं ऐकायचे नाहीत. जुलैत या, चांगले दहा दिवस. मागची खोली रिकामीच असते. येताना आपापली उशी घेऊन या, आमच्या उशांना तेव्हा वास येतो.