ज्वारीच्या कोठीतली बाहुली

आमच्या लेकीची पहिली बाहुली दगडाची होती. धाकट्या भावाच्या मुलाचे बारसे उन्हाळ्यात लातूरला आमच्याच घरी झाले, तेव्हा रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घालून त्याचा गोप्या केला गेला आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" असे म्हणत बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला. बारसे आटोपले, पाहुणे घुगऱ्या घेऊन आपापल्या गावी गेले, वरवंटा धुऊन पाट्यावर परत ठेवला गेला. परंतु लेकीच्या लेखी तो गोप्याच राहिला. ती त्याला फडक्यात गुंडाळत असे, मांडीवर घेऊन थोपटत असे, भाकरीचा कुस्करा त्याच्या गोल टोकाशी नेऊन "खा रे लेकरा" असे म्हणत असे. चटणी वाटायची वेळ झाली की आईला तो तिच्याकडून मागून घ्यावा लागे, आणि वाटण झाल्यावर त्याला आंघोळ घालूनच परत करावा लागे.

हे पाहायला गोड होते, तरी माझ्या मनात धास्ती होती. मार्गशीर्षात एके दुपारी तो वरवंटा तिच्या हातून निसटला आणि तिच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला. त्या रात्री मी ठरवले की वेळ अमावस्येनंतर, म्हणजे आमच्याकडच्या शेतात जाऊन पूजा करायच्या सणानंतर, चौथ्या दिवशी येणाऱ्या तिच्या पाचव्या वाढदिवसाला तिला एक चांगली बाहुली द्यायची आणि तोपर्यंत तिला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही.

तिला न विचारता आणायची असे ठरवण्यामागे केवळ गंमत नव्हती. विचारले असते तर तिने शेजारच्या मुलीकडे असलेली किंवा टीव्हीवर आदल्या दिवशी पाहिलेली बाहुली सांगितली असती. लहान मुलाला काय हवे आहे हे त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या खेळण्यातून अधिक खरे कळते, असे पंधरा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवताना माझ्या अनुभवास आले आहे. म्हणून मी आठ-दहा दिवस तिचा खेळ शांतपणे पाहत राहिलो. जगातील सर्वांत प्रसिद्ध बाहुलीचा जन्मही अशाच पाहण्यातून झाला आहे. अमेरिकेतील रूथ हँडलर यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देऊन खेळत असे. बाजारात मात्र बहुतेक बाहुल्या तान्ह्या बाळांच्या होत्या. ही उणीव आईच्या लक्षात आली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मुलीच्याच नावावरून नाव ठेवलेली बार्बी लोकांसमोर आली. बार्बरा मोठेपणीचे आयुष्य खेळत होती, आमची लेक आई होऊन खेळत होती. तिच्या खेळात साज-शृंगार नव्हता, कपाट नव्हते, गाडी नव्हती. होते ते निजवणे, भरवणे, पुसणे, थोपटणे. तेव्हा उंच टाचांची, कमरेत बारीक अशी बाहुली कितीही सुंदर असली तरी तिच्या कुशीत ती काय करणार, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. हवे होते ते तान्हे बाळ.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेरला गेलो होतो, तेव्हाचाही एक प्रसंग मला आठवला. गोरोबाकाकांचे दर्शन घेऊन आम्ही तिथले लामतुरे संग्रहालय पाहायला गेलो. तेथे सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या लहान लहान मूर्ती काचेच्या कपाटात मांडलेल्या आहेत. लेक त्या कपाटाला नाक लावून बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने मला विचारले, "बाबा, ह्यांना कुणीच कडेवर घेईना गेलंय का?" बाहुली ही कडेवर घ्यायची वस्तू आहे, हे तिच्या मनात इतके पक्के होते. त्यामुळे नांदेडच्या मेहुण्यांनी सुचवलेला निर्मलच्या लाकडी बाहुलीचा पर्याय मी बाजूला ठेवला. नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणात असलेल्या निर्मल गावच्या कारागिरांची हलक्या लाकडावरची रंगकामाची कला मला फार आवडते आणि आमच्या दिवाणखान्यात त्यांचे एक चित्रही आहे. तथापि तशी बाहुली फळीवर शोभते, पाळण्यात नाही.

आता रंगाविषयी लिहितो, कारण माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच आहे. त्याच बारशात एका नात्यातल्या बाईंनी पाळण्यात डोकावून, लेक शेजारी उभी असतानाच, "बाळ गोरं आहे बाई, हिच्यावर नाही गेलं" असे म्हटले. आमची लेक आईसारखी सावळी आहे. तिने तेव्हा काही विचारले नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र ती आरशासमोर पावडरचा डबा घेऊन बसलेली दिसली. चेहरा, मान, कोपरापर्यंत हात, सगळे पांढरे केलेले. पत्नीने तिला न रागावता जवळ घेऊन तोंड धुतले, पण स्वयंपाकघरात गेल्यावर तिच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले. ज्या विठ्ठलाला आपण सावळा म्हणून आळवतो, त्याच्याच वाटेवर दरवर्षी चालणाऱ्या घरात लेकराला आपल्या कातडीची लाज वाटावी, याचे दुःख मला आजही आहे.

बी.एड.ला असताना शिकलेला एक प्रयोग मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवत होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर, रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या: काही गोऱ्या, काही तपकिरी. चांगली बाहुली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली दाखवली. त्यानंतर "तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे" असे म्हटल्यावर काही मुले रडू लागली. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. परीक्षेसाठी मी ही माहिती पाठ केली होती. पावडरचा डबा पाहिल्यावर तिचा अर्थ मला कळला.

म्हणून मी दोन गोष्टी मनाशी बांधून गंजगोलाईत गेलो: बाहुली तान्ही असावी आणि सावळी असावी. ज्यांनी लातूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, भोवती गोलाकार दुकाने आणि सोळा दिशांना फुटणारे सोळा रस्ते असा हा बाजार आहे, आणि दर रस्त्याचा माल वेगळा. त्या शनिवारी खेळण्यांची सात दुकाने मी पायी पालथी घातली. सर्वत्र बाहुल्या होत्या आणि सर्वत्र त्यांचा रंग एकच होता: गुलाबी-गोरा. केस सोनेरी, डोळे निळे. नऊवारी नेसवलेली, नथ घातलेली बाहुलीसुद्धा पाहिली, तिचेही डोळे निळेच होते. सावळी बाहुली आहे का असे विचारल्यावर एका दुकानात मला नजर लागू नये म्हणून टांगायची काळी बाहुली दाखवण्यात आली. विक्रेता मुलगा प्रामाणिकपणे मदत करत होता; त्याच्या मनात काळ्या बाहुलीचे तेवढेच काम होते.

आठव्या दुकानाचे मालक वयस्कर होते. त्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, पोराला माळ्यावर चढवले आणि धुळीने भरलेली एक पेटी खाली काढायला लावली. आत गव्हाळ म्हणता येणार नाही अशी, चांगली तांबूस-सावळी, काळ्या कुरळ्या केसांची, मुठी मिटलेली एक तान्ही बाहुली होती. "सर, हा माल उठत नाही बघा," ते म्हणाले. "दोन मागवल्या होत्या. लोक हातात घेतेत आन् परत ठेवतेत. एक तर गिऱ्हाइकानं घरून परत आणून दिली." मी ती हातात घेतली आणि परत ठेवायची नाही हे तिथेच ठरले. मात्र घरात आठ महिन्यांचा पुतण्याही रांगतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो, त्यामुळे तिची तपासणी मी घाई न करता केली.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. पेटीवर केवळ चिन्ह पाहून थांबू नये. त्याखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये घातला की उत्पादकाचे नाव समोर येते. मी दुकानातच क्रमांक घालून पाहिला, नाव जुळले. आधीच्या एका दुकानात मला बोलणारी बाहुली दाखवली होती, तिच्या पाठीवरचे बॅटरीचे झाकण नुसत्या नखाने उघडत होते आणि आत बटणासारखे चपटे सेल होते. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते. घरात लहान लेकरू असलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, स्क्रूने बंद न होणारे झाकण असेल तर ते खेळणे कितीही गोड गात असले तरी घेऊ नये.

बाकीची पाहणी हातानेच करायची असते. केसांचा भांग पाडून पाहिला: केस टाळूत ओळीने शिवलेले होते, चिकटवलेले नव्हते, त्यामुळे विंचरताना झुबके हातात येण्याची भीती नव्हती. डोके, हात आणि पाय मऊ प्लास्टिकचे, धड मात्र कापडी आणि भरीव होते, म्हणून ती छातीशी धरल्यावर टोचत नव्हती. प्लास्टिकला उग्र वास नव्हता. कपड्यांना बटणांऐवजी नाड्या होत्या. आणि आडवी केल्यावर तिचे डोळे मिटत होते. ही रचना लहानपणापासून मला मोहवत आली आहे: बुबुळामागे एक छोटे वजन टांगलेले असते, बाहुली निजवली की ते मागे झुकते आणि पापणी खाली येते. त्यात ना बॅटरी, ना तार. जिला दिवसभर कुणाला तरी निजवायचे आहे अशा मुलीसाठी याहून चांगली गोष्ट कोणती असणार? मालकांनी साडेसहाशे सांगितले, मी भाव केला नाही.

लपवण्याचा प्रश्न आईने सोडवला. कपाटे लेकीच्या रोजच्या पाहणीत असतात, माळ्यावर उंदरांचा त्रास आहे. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीचे झाकण मात्र तिला उचलत नाही. मी बाहुली प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लागलो तेव्हा आईने माझा हात धरला. "लेकराचं लेकरू हाय ते. पिशवीत गुदमरंल की रे," असे म्हणून तिने आपल्या जुन्या धुवट लुगड्यात ती गुंडाळली आणि ज्वारीत निम्मी पुरून ठेवली. मधल्या काळात वेळ अमावस्येला आम्ही शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि आंबील झाली, आणि लेक तिथेही वरवंटा पिशवीत घालून घेऊन आली होती, कारण गोप्याला घरी एकटे ठेवणे तिला मान्य नव्हते.

वाढदिवसाला सकाळी आईने तिला हाक मारून "कोठीतून ज्वारी काढू लाग" असे सांगितले. दाण्यांत हात घातल्यावर तिला लुगड्याचे टोक लागले. तिने ओढले, गाठोडे वर आले, पदर सुटला आणि बाहुलीने डोळे उघडले. लेक ओरडली नाही, हसली नाही. तिने बाहुलीच्या मानेखाली तळहात घातला, जसा ती काकूला बाळाच्या मानेखाली घालताना रोज पाहते, आणि तिला छातीशी घेतले. रंगाविषयी ती काहीच बोलली नाही. मी आठ दिवस ज्या प्रश्नाची तयारी केली होती तो प्रश्न आलाच नाही. दुपारी एकदाच, बाहुलीचा हात आपल्या हाताशेजारी ठेवून तिने पत्नीला दाखवला, "आई, बघ, माझीच हाय," आणि पुन्हा अंगाई म्हणू लागली. पत्नी बराच वेळ तिथेच बसून राहिली.

संध्याकाळी बारसे ठरले. नाव आत्याने ठेवायचे असते, म्हणून परभणीला माझ्या बहिणीला फोन लावण्यात आला आणि फोन बाहुलीच्या कानाशी धरला गेला. बहिणीने तिकडून "कुर्रर्र" केले आणि नाव काय ठेवायचे असे विचारले. बाहुलीच्या झबल्याच्या घड्यांतून तेव्हाही दाणे गळत होते. लेकीने खाली सांडलेले दाणे पाहिले आणि "ज्वारी" असे सांगितले. आईने हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या होत्या, त्या सर्वांना वाटल्या.

आता वरवंट्याची सुटका होईल असे मला वाटले होते. रात्री अंथरूण घालताना पाहिले तर ज्वारी मध्ये निजलेली होती, डोळे मिटून, आणि भिंतीच्या बाजूला, जिथून तो कुणाच्या पायावर पडणार नाही अशा जागी, कुंची घातलेला गोप्या होता. मी विचारले तेव्हा लेकीने ओठांवर बोट ठेवले आणि हळूच सांगितले, "बाबा, तो मोठा भाऊ हाय तिचा. सकाळी चटणीला द्यीन मी."