तुम्ही विचारलंत म्हणून: मी उत्तर का देत नाही

"मॅडम, गूगलवरच्या त्या एक-स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर का नाही दिलंत?" पेशंट विचारतात, ज्युनिअर विचारतात, बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा केमिस्टही विचारतो. नणंदेच्या मुलाकडे तर पॅकेज तयार असतं. "मामी, काउंटरवर क्यूआर कोड लावू. खूश होऊन निघालेल्या आईबापांकडून जागेवरच पाच स्टार."

आता एकदाच सांगते.

क्यूआर कोड लावणार नाही. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या आचारसंहितेत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं बसत नाही. दवाखाना सुरू झाला, जागा बदलली, बाहेरगावी जातेय, परत आले, असलं जाहीर करायची मुभा आहे. पाटीसुद्धा अवाजवी मोठी नको. 2023च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले. त्यांत लाइक विकत घेणं, पैसे देऊन शोधात नाव वर आणणं, पेशंटकडे रिव्ह्यू मागणं, या सगळ्याला मनाई होती. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले. "मग लागूच नाहीत ना, मामी!" नाहीत. पण जुने आहेत.

मी काही सोवळी नाही. पाच-सहा जणींना मीच म्हटलंय, "दोन ओळी लिहा ना." नणंदेने तर न सांगताच लिहिलं, ‘बाळाला एका दिवसात आराम.’ तिचं बाळ म्हणजे हाच पॅकेजवाला, वय वर्षं सव्वीस. ते मी काढायला लावलं नाही.

मुद्दा मात्र उत्तराचा आहे, आणि एकदा मी उत्तर दिलंय.

तीन वर्षांचा मुलगा. खोकला तीन आठवडे, वजन महिनोन्‌महिने तिथेच. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे अशा वेळी विचारावंच लागतं. आजोबा "कुणालाच नाही" म्हणाले. ते औषधं आणायला खाली गेले तेव्हा सुनेने उठून केबिनचं दार लावलं. लग्नाआधी तिला टीबी झाला होता. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून बरी झाली होती. सासरी माहीत नव्हतं. मी एक्स-रे लिहिला, हातावर मॅन्टू टेस्ट, म्हणजे टीबीची त्वचेवरची चाचणी, टोचली आणि सांगितलं, दोन-तीन दिवसांत दाखवायला आणा, ती मोजावी लागते.

आणलंच नाही. चौथ्या दिवशी आजोबांचा रिव्ह्यू आला, गुजरातीत, एक स्टार. साध्या खोकल्याला एक्स-रे, वर सुई टोचून परत बोलावतात. ‘पैसा पडाववानो धंधो छे.’ म्हणजे पैसे उकळायचा धंदा.

त्या दिवशी ओपीडी दुपारी साडेतीनपर्यंत चालली होती. रात्री जेवण टाकून उत्तर लिहिलं, मुद्देसूद, सभ्य. तीन आठवड्यांचा खोकला, न वाढणारं वजन, आईचा टीबीचा इतिहास, म्हणून तपासण्या, आणि टेस्ट मोजायला तुम्हीच आला नाहीत. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चोख." सकाळपर्यंत चौदा जणांनी मला शाबासकी कळवली होती, त्यांत तीन डॉक्टर.

नाव कुणाचं घेतलं नव्हतं, ही माझी तेव्हाची पळवाट. पण रिव्ह्यू आजोबांच्या नावाने होता आणि त्यांना नातू एकच.

मुलाची आई आली दुपारी दीडला, एकटी. रिसेप्शनवरच्या मुलीने "उद्या या" म्हटलं तरी बसून राहिली. आरडाओरडा करील अशी माझी तयारी होती. 2002चे नियम, मेडिकल कौन्सिल, वकील, सगळं मनात मांडून झालं होतं. ती म्हणाली, "मी तुम्हाला दार लावून सांगितलं होतं."

मी तिच्यासमोरच उत्तर काढून टाकलं. एक मिनिटही लागलं नाही. तिने फोन पुढे केला. माझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या रात्रीच फिरला होता.

पेशंटचं गुपित कोर्टाने मागितलं, कुणाच्या जिवाला धोका असला किंवा आजार सरकारला कळवायचा असला, तरच फोडता येतं. टीबी कळवावाच लागतो, पण सरकारला, गूगलला नाही. हे मी सयाजी हॉस्पिटलात शिकले, परीक्षेत लिहिलं, पुढे इंटर्न मुलांना शिकवलंसुद्धा.

तरी माझं जुनं मन अजून भांडतं. खोटं काय लिहिलं होतं? मला पैसेखाऊ म्हणणारा मोकळा आणि मी तोंड शिवून बसायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं-खोटं गूगल तपासत बसत नाही. शिवीगाळ किंवा सरळ बनावट असेल तर तक्रार करता येते, मी करते. नकाशावरची वेळ आणि फोन नंबर बरोबर ठेवते. फार झालं तर ‘दवाखान्यात फोन करा, बोलू’ एवढं लिहिते. नवी आई ते वाचते आणि तिला वाटतं, डॉक्टरकडे बोलायला काही नाही. दोन वर्षांत नवे पेशंट कमी झालेत, हेही खरं.

आणि हो, ‘दीड तास बसवून ठेवतात’ असं जे कुणी लिहिलंय, ते बरोबर आहे.

त्या घरी मी दोनदा फोन केला, मुलाला कुठेही दाखवा, एवढंच सांगायला. दुसऱ्यांदा नंबर लागलाच नाही. फाइल अजून कपाटात आहे. मॅन्टूची तारीख लिहिलेली, पुढे ‘मिमी’ छापलंय, त्याआधीची जागा रिकामी.