त्रिशूलच्या समोर, खुकरीविषयी

साताऱ्याहून पुण्याला लग्नासाठी तीन दिवस आलो होतो. त्यांतले दोन दिवस कार्यालय, पंगती आणि रस्त्यांवरच्या कोंडीत गेले. तिसऱ्या दुपारी काकांना घेऊन कॅम्पजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेलो, आणि हे लिहितो आहे ते तेथील एका तासासाठी.

नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले हे स्मारक १९९८ साली खुले झाले. मिग विमानाभोवती फोटो काढणाऱ्यांची दाटी होती. नौदलातून निवृत्त झालेले काका मात्र तिकडे न वळता आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेच्या प्रतिकृतीसमोर जाऊन उभे राहिले. १९७१ च्या युद्धात ८ डिसेंबरच्या रात्री कराचीवर जो दुसरा हल्ला झाला, त्यात त्रिशूल होती, असे मी त्यांना उत्साहाने सांगू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि ९ तारखेच्या रात्री काय झाले?”

त्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने टॉर्पेडो सोडला आणि आयएनएस खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिले आणि ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. एवढे मला ठाऊक होते. जे ६७ जण वाचले, त्यांचा विचार मात्र मी कधीच केला नव्हता.

त्यांच्यातला एक काकांचा मित्र होता. जहाज बुडताना आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते, म्हणून उडी मारल्यावर आधी जिवाच्या आकांताने दूर पोहावे लागते. मित्राने ते केले, पण पाण्यावर जहाजाच्या इंधनाचा जाड थर पसरला होता आणि ते तेल त्याच्या डोळ्यांत, नाकात, घशात गेले. तराफ्यावर पोहोचल्यानंतरही ओल्या अंगाने रात्र काढायची होती. चहूकडे पाणी, पण त्यातला घोट घेण्याची सोय नाही, कारण पोटात गेलेले मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी लागते आणि तहान वाढतच जाते. सोबतच्या कृपाण या युद्धनौकेवरही हल्ला झाला होता. पाणबुडी तेथेच असताना थांबून माणसे उचलणे म्हणजे आणखी एक जहाज गमावण्याची जोखीम होती. दुसऱ्या दिवशी कृपाण आणि कच्छल या नौकांनी येऊन वाचलेल्यांना बाहेर काढले. “पण कोणी येणार आहे, हे तराफ्यावरच्यांना रात्रभर कोण सांगणार होते?” काका म्हणाले.

तेवढ्यात एका तरुणाने फोटोसाठी आम्हाला बाजूला व्हायला सांगितले. मला संताप आला. काका काही न बोलता सरकले. युद्ध स्मारकात निदान वयोवृद्ध माणसाचे बोलणे संपेपर्यंत थांबावे, असे मला आजही वाटते.

संध्याकाळी खडकीच्या घरी काकूंनी राहिलेली गोष्ट सांगितली. तो मित्र पुढे पुण्यातच स्थायिक झाला आणि महिन्या-दोन महिन्यांनी यांच्याकडे येत असे. त्या काळी स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर होई. पहिल्यांदा आला, तेव्हा स्टोव्ह पेटताच तो उठून अंगणात गेला आणि चहा निवून गेला तरी आत आला नाही. काकूंनी कारण विचारले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी बाजारातून कोळशाची शेगडी आणली, आणि तो येणार असला की स्टोव्ह मागच्या पडवीत जाऊन बसे. तो वारला त्याला बरीच वर्षे झाली, घरात गॅस येऊन तर त्याहून अधिक.

मी माळ्यावर पाहिले. शेगडी कागदात गुंडाळून ठेवलेली आहे.