तुर्की, डोग्री आणि आपली अहिराणी

तुर्की आणि जम्मूकडच्या डोग्रीचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, एक तुर्किक कुळातली आणि दुसरी मराठीसारखीच इंडो-आर्यन, तरी सध्या दोघींच्या बोलींबद्दल वाचतोय आणि सारखी आठवते ती आपली खान्देशातली अहिराणी.

तुर्कस्तानात 1928 ला लिपी बदलून रोमन केली, 1932 ला भाषेसाठी संस्था काढली आणि इस्तंबूलचं बोलणं तेवढं शुद्ध ठरलं. बाकीच्यांच्या वाट्याला आली टिंगल. काळ्या समुद्राकडच्या उच्चारांवर टेमेल-दुर्सुन जोडगोळीचे जोक तिकडे सगळ्यांना पाठ, आणि एजियन बाजूच्या माणसाने 'गेलियोरुम'चं (येतोय) 'गेलियोम' केलं की झाला गावठी. आपल्याकडे यूट्यूबवर अहिराणी लागली की आधीच दात काढतात ना लोकं, सेम तेच.

डोग्रीची गंमत वेगळीय. लिहायचं 'घोडा' आणि बोलायचं जवळजवळ 'कोडा', बाकी फरक सगळा सुरात. जम्मूत 'मला' म्हणायला 'मिगी', हिमाचलातल्या कांगड्यात 'मिंजो', आणि कांगडी डोग्रीतली की वेगळी यावर भांडण आहेच. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने तर अख्खी डोग्रीच पंजाबीच्या खात्यात टाकलेली. पण माणसं मागे लागली, 1969 ला साहित्य अकादमीने मान्यता दिली, 1971 ला पद्मा सचदेव यांच्या डोग्री कवितांना अकादमीचा पुरस्कार मिळाला, मग 2003 ला राज्यघटनेची आठवी अनुसूची, 2020 ला जम्मू-काश्मीरच्या राजभाषांमध्ये नंबर.

आता 2011 च्या जनगणनेत डोग्रीवाले 26 लाखांच्या आसपास, आणि 'खान्देशी' गटात, ज्यात अहिराणीही धरतात, 18 लाखांच्या वर, म्हणजे आपण काय फार मागे नाही भो! पण आपलं आपल्यालाच धड माहीत नसतं, बहिणाबाईंच्या कविता लेवा बोलीतल्या तरी अर्धा महाराष्ट्र त्यांना अहिराणी म्हणतो आणि यावल-रावेरवाले चिडतात, बरोबरच चिडतात. आणि धुळ्याच्या स्टँडवर बघा, पोरगं फोनवर मायशी मस्त अहिराणीत बोलत असतं, बाजूला पुण्याचं कोणी येऊन बसलं की लगेच आवाज बारीक आणि "हो आई, निघतोय".

काकांना परवा म्हटलं, पुढच्या जनगणनेला मातृभाषा अहिराणी सांगा हं. तर म्हणे, "मराठीच लिखी दे ना भो, कोन इचारस!" मी मात्र अहिराणीच सांगणारे, आणि काकांच्या घरी गणनेवाला येईल त्या दिवशी तिथे जाऊन बसणारे.