व्हीपीएन चालू होतं, तरीही

सप्टेंबर संपत आला की सीए ऑफिसांत टॅक्स ऑडिटची झुंबड उडते. त्याच दिवसांत सांगलीतल्या एका ऑफिसातून आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाचा फोन आला. "सर, नॅसवरच्या एक्सेल फायली उघडेनात. नावापुढे काहीतरी भलतंच लागलंय." नॅस म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली ठेवायची, नेटवर्कला जोडलेली सामायिक डिस्क.

रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून खंडणी मागणारा व्हायरस. "नॅसची लॅन केबल काढ, पण मशीन बंद करू नकोस," एवढं सांगून मी निघालो.

बिघडलेल्या प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी पडलेली. अशा वेळी मी आधी त्या चिठ्ठीचा 'ओनर' बघतो, म्हणजे ती कुठल्या खात्यातून लिहिली गेली ते कळतं. खातं निघालं इचलकरंजीहून, घरून काम करणाऱ्या ताईंचं. कॉम्प्युटर घरातला सगळ्यांचाच. मुलानं त्यावर गेमचा क्रॅक, म्हणजे गेम फुकटात चालवायचं चोरटं सॉफ्टवेअर, उतरवला होता. व्हायरस त्यातूनच आला. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा झाकलेला रस्ता, जोडलेलं आणि नॅस झेड ड्राइव्ह म्हणून कायम उघडा. व्हायरसला पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही. ताईंना जे लिहिता-पुसता येत होतं, ते त्यालाही आलं.

ताई फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. "दादा, माझ्यामुळे झालं का हो?" ऐकून मला फार वाईट वाटलं. त्यांना जी वाट दिली होती, तिनंच त्या गेल्या होत्या. व्हीपीएन असलं की लोक निर्धास्त होतात. पण ते फक्त मधला रस्ता झाकतं. त्या रस्त्यानं येणारा कॉम्प्युटर निरोगी आहे का, हे ते विचारत नाही.

घरचं ब्रॉडबँड संथ होतं, हे नशीब. प्रत्येक फाइल इचलकरंजीला ओढायची, एन्क्रिप्ट करायची, परत सांगलीला लिहायची. त्यात वेळ गेला आणि निम्मे फोल्डर शाबूत राहिले. बाकीच्यांसाठी नॅसवर दर तासाचे स्नॅपशॉट, म्हणजे फायली त्या क्षणी जशा होत्या तशा जपलेल्या प्रती, होते. ते साध्या खात्यातून पुसता येत नाहीत, आणि अॅडमिनचा पासवर्ड घरच्या मशीनवर कधी टाकलाच नव्हता. हे ताईंकडून खात्रीनं विचारून घेतलं, मगच सकाळचा स्नॅपशॉट परत आणला. त्यानंतरचं काम मुलांनी रात्री बसून पुन्हा केलं.

झेड ड्राइव्ह मी काढून टाकला. आता व्हीपीएनवरून आलेल्याला फायरवॉल नॅसपर्यंत, म्हणजे फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टपर्यंत, पोचूच देत नाही. ताई ऑफिसातल्या त्यांच्या टेबलावरच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपनं येतात, क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह शेअरिंग बंद ठेवून. त्यांच्यापर्यंत पडद्यावरचं चित्र जातं, फाइल ऑफिसातच राहते. कुणी कीस्ट्रोक चोरले तर धोका उरतो, म्हणून मोबाइलवरचा ओटीपीही लावला. मागच्या वर्षांचे फोल्डर सगळ्यांनाच फक्त वाचण्यापुरते केले.

तपासताना आणखी एक सापडलं. जुन्या स्कॅनरसाठी नॅसवर एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल, सुरू ठेवलेलं होतं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो विंडोजमधल्या याच जुन्या प्रोटोकॉलच्या भोकातून, मायक्रोसॉफ्टचा पॅच दोन महिने आधी येऊनसुद्धा. ते त्याच रात्री बंद केलं. स्कॅन आता पेनड्राइव्हवर घ्यावे लागतात, आणि मुलं त्यावर कुरकुरतात.