सेलबर्नच्या यादीत नसलेला गिल्बर्ट व्हाइट

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ऑल्टनला पोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. ऑल्टन शेवटचं स्टेशन, त्यामुळे डुलकी लागली तरी हरकत नाही. पुढे सेलबर्न जेमतेम पाच मैल, पीटर्सफील्डकडे जाणारी बस मिळते. फेऱ्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. आम्ही सकाळची बस धरली आणि उतरल्यावर आधी चर्चच गाठलं. बहुतेक लोक व्हाइटचं घर आधी बघतात आणि चर्चला शेवटची दहा मिनिटं देतात. हे उलटं करावं.

या गावामुळे नाव झालेला निसर्गनिरीक्षक पाद्री गिल्बर्ट व्हाइट इथे १८ जुलै १७२० रोजी जन्मला आणि इथेच वारला. तरी सेलबर्नच्या व्हिकरांच्या, म्हणजे गावच्या मुख्य पाद्रींच्या, यादीत त्याला शोधायला गेलात तर फसाल. तिथे गिल्बर्ट व्हाइट सापडतो, पण १६८१चा. तो याचा आजोबा. त्याने सत्तेचाळीस वर्षं ही पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर, सांभाळली आणि त्याच्याच व्हिकरेजमध्ये, म्हणजे व्हिकरच्या घरात, नातवाचा जन्म झाला. (तिथली आजची इमारत नंतरची आहे.) नातू कधीच व्हिकर झाला नाही. तो होता क्युरेट, म्हणजे पगारी मदतनीस पाद्री.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वतनदार आणि मुतालिक यांच्यातला हा फरक. पॅरिशमधल्या धान्याचा मोठा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, रेक्टरचा, म्हणजे पूर्ण हक्क असलेल्या पाद्रीचा. व्हिकरला लहानसहान उत्पन्नावरचा दशांश आणि राहायला घर. क्युरेटला ठरलेला पगार, आणि व्हिकर बदलला की तोही जायची शक्यता. सेलबर्नचा मोठा दशांश तर धर्मगुरूकडे जातच नव्हता. तेराव्या शतकात पीटर द रोश या बिशपने इथे मठ काढला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो मोडून त्याच्या जमिनी आणि हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजला दिले गेले, आणि व्हिकर नेमण्याचा अधिकारही त्याच कॉलेजकडे गेला. कॉलेजं अशा जागा आपल्याच माणसांसाठी राखून ठेवत. गिल्बर्ट शिकला ऑक्सफर्डच्याच ऑरियल कॉलेजमध्ये, १७४४ साली फेलो, म्हणजे कॉलेजच्या उत्पन्नातला वाटा मिळणारा सदस्य, झाला तोही ऑरियलचाच. तिथेच दार बंद झालं. गुणवत्तेचा संबंधच नव्हता.

मग माणूस जगला कशावर? फेलोशिपच्या उत्पन्नावर, आणि त्यासाठी अविवाहित राहणं भाग होतं. लग्न केलं की फेलोशिप संपली. जोडीला नॉर्थॅम्प्टनशरमधल्या मॉर्टन पिंक्नी गावची पाद्रीची जागा होती. तिथे तो राहत नसे, काम बदलीच्या माणसाकडून करून घेई. आज हे खटकतं, पण तेव्हा निम्मं चर्च असंच चालत होतं. शेजारच्या फॅरिंग्डनची क्युरेटगिरी त्याने बरीच वर्षं केली. सेलबर्नला अधूनमधून काम केलं होतंच, १७८४ पासून मरेपर्यंत मात्र सलग.

कुटुंबाचा पसारा मोठा. वडील जॉन बॅरिस्टर, आई ॲन होल्ट. भाऊ थॉमस लंडनचा व्यापारी. बेंजामिन फ्लीट स्ट्रीटवरचा प्रकाशक, त्यानेच गिल्बर्टचं सेलबर्नच्या निसर्गावरचं पुस्तक १७८९ सालच्या तारखेने छापलं. जॉन जिब्राल्टरला लष्कराचा पाद्री, तिथून पक्ष्यांचे नमुने पाठवणारा. हेन्री फायफील्डचा रेक्टर. बहीण ॲनचा नवरा थॉमस बार्कर वर्षानुवर्षं हवामानाच्या नोंदी ठेवणारा. स्वतःला मूल नाही, पण पुतणे-भाचरं साठाच्या वर, आणि त्यांची मोजदादही तो ठेवी! ‘द वेक्स’ हे घरसुद्धा काका चार्ल्सच्या मृत्यूनंतर १७६३ साली त्याच्याकडे आलं. तो काकाही रेक्टरच.

अशा घराण्याचा माग काढायचा तर पॅरिशची बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं गाठायची. इंग्लंडमध्ये ती ठेवायचा हुकूम १५३८ साली निघाला. हँपशरची विंचेस्टरच्या अभिलेखागारात मिळतात. घोटाळा होतो तो तारखांत. १७५२ पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. आजोबा वारले फेब्रुवारी १७२७ मध्ये असं जुनी नोंद म्हणते, ते आपल्या हिशेबाने १७२८. हे लक्षात घेतलं नाही की माणूस मेल्यानंतर वर्षभराने मृत्युपत्र सिद्ध झाल्यासारखं दिसतं आणि नसलेलं रहस्य शोधत बसावं लागतं. क्युरेट तर याद्यांत सहसा नसतातच. ते सापडतात १७५४ नंतरच्या लग्नाच्या रजिस्टरात, कारण तेव्हापासून लग्न लावणाऱ्याची सही सक्तीची झाली. सहीपुढे तो आपला हुद्दा लिहितो, आणि कोण कुठे कधी होता ते तिथे उलगडतं. घरी बसून सुरुवात करायची तर १५४० ते १८३५ मधल्या अँग्लिकन धर्मगुरूंचा डेटाबेस ऑनलाइन मोफत आहे. नाव सारखं असेल तर कॉलेज आणि पदवीचं वर्ष जुळवून पाहायचं. आजोबा-नातवाची गल्लत तिथेच सुटते.

चर्चच्या आवारातल्या यू वृक्षाचा घेर व्हाइटने तेवीस फूट नोंदवला होता. जानेवारी १९९०च्या वादळात तो कोसळला. पुन्हा उभा केला, पण जगला नाही. खोड अजून आहे. गावामागच्या हँगर टेकडीवर चढणारी वळणावळणाची झिगझॅग वाट गिल्बर्ट आणि जॉन यांनी १७५३ साली काढली. जमीन चुन्याची, पावसानंतर साबणासारखी निसरडी. चांगली पकड असलेले बूट नसतील तर खालूनच बघावी.

थडगं शोधताना मात्र गंमत होते. चर्चमधली शिला सांगते, ‘या भिंतीपासून पाचव्या थडग्यात’ तो पुरला आहे. आत उभं राहून मोजायला लागलं की काहीच जुळत नाही, कारण शिला मुळात बाहेरच्या भिंतीवर होती, नंतर आत आणली. बाहेर पडून उत्तरेच्या बाजूला जायचं. गुडघ्याएवढा साधा दगड आहे. त्यावर एवढंच : जी. डब्ल्यू., २६ जून १७९३.